धावून येणारे हात

रस्त्यात कोणी कोसळले की लोक नुसते बघत उभे राहतात, मोबाइलवर चित्रण करतात, ही तक्रार आता इतकी नित्याची झाली आहे की ती कितपत खरी आहे हे कोणी तपासत नाही. प्रत्यक्षात खेड्यात काय आणि शहरातल्या वस्तीत काय, माणसे धावतात. कोणी तांब्याभर पाणी आणून बेशुद्धाच्या तोंडात ओततो. कोणी कांदा फोडून नाकाला लावतो. फीट आलेल्याच्या दातांत चमचा घातला जातो, साप चावलेल्याचा पाय सुतळीने करकचून बांधला जातो, बुडालेल्याचे पोट दाबून पाणी काढले जाते, भाजलेल्या हातावर टूथपेस्ट फासली जाते आणि अपघातातल्या जखमीला चौघे हातापायांना धरून टेम्पोत टाकतात. या प्रत्येक कृतीमागे कळवळा आहे, तत्परता आहे, बहुतेक ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्यांची खात्रीही आहे. आणि जवळजवळ प्रत्येक कृतीने रुग्णाचे नुकसानच होते. म्हणून प्रथमोपचाराचा आढावा मी ‘लोकांना काही येत नाही’ इथून सुरू करणार नाही. लोकांना पुष्कळ काही येते. त्यातले बरेचसे चुकीचे आहे. ते आधी उतरवल्याशिवाय नवे काही अंगी लागणार नाही.

हे ज्ञान सामान्य माणसाकडेच का हवे, याचे उत्तर शरीराच्या घड्याळात आहे. रक्ताभिसरण थांबले की चार ते सहा मिनिटांत मेंदूच्या पेशी कायमच्या निकामी होऊ लागतात. मोठी धमनी तुटली तर काही मिनिटांतच माणूस रक्तस्रावाने जातो. श्वासनलिकेत घास पक्का बसला तरी हाताशी काही मिनिटेच असतात. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली ती ९३७ रुग्णवाहिका घेऊन, त्यातल्या २३३ प्रगत जीवरक्षक उपकरणांच्या. या सेवेने खूप मोठे काम केले आहे. पण अकरा कोटींहून अधिक लोकसंख्येच्या, घाटवाटांच्या आणि पाड्यांच्या राज्यात ती चार मिनिटांत कुठेही पोहोचेल अशी अपेक्षा धरता येत नाही. जगातल्या श्रीमंत शहरांतही ती सगळीकडे पुरी होत नाही. पहिली काही मिनिटे शेजारी उभ्या असलेल्या माणसाचीच असतात. आणि त्या मिनिटांत जीव घेणारी कारणे मोजकी आहेत: हवा आत जात नाही, रक्त फिरत नाही, रक्त वाहून जाते, शरीर अतोनात तापते, किंवा विष पसरते. प्रथमोपचार म्हणजे डॉक्टरकीची छोटी आवृत्ती असा समज आहे. तो खरा असता तर शिकायला वर्षे लागली असती. समोरच्या माणसाला या पाचांपैकी आत्ता कशाने मरण येते आहे, एवढेच ओळखायचे आणि तेवढेच थोपवून धरायचे, हा तो वेगळा व्यवहार आहे.

सर्पदंशापासून सुरुवात करतो, कारण आपल्या मातीत हा प्रश्न फार गंभीर आहे आणि आपली चूक इथेच सर्वांत स्पष्ट दिसते. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज देशव्यापी मृत्यू-सर्वेक्षणाच्या आधारे २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी. आपल्याकडचे प्रमुख विषारी साप चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. या चौघांवर एकच प्रतिविष चालते, म्हणून साप मारून दवाखान्यात नेण्यासाठी त्याच्या मागे लागणे हा वेळेचा अपव्यय आहे आणि दुसऱ्या दंशाला आमंत्रणही. मांत्रिकाकडे जाणाऱ्यांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण तो विश्वास टिकतो कसा हे समजून घेतले पाहिजे. सर्पदंशावरील भारतीय उपचार-मार्गदर्शिका सांगते की सुमारे ७० टक्के दंश बिनविषारी सापांचे असतात, आणि विषारी सापाच्या दंशांतही निम्म्याच वेळा विष अंगात उतरते. म्हणजे मांत्रिकाने काहीही केले तरी त्याच्याकडे आलेल्या शंभरांतले पंच्याऐंशी आपोआप बरे होणारच. गाव ते पंच्याऐंशी लक्षात ठेवते. उरलेल्या पंधरांचे ‘आणायला उशीर झाला’ एवढेच बोलले जाते.

बांधण्याचेही तसेच. विष वर चढू नये म्हणून दोरी आवळायची, हा विचार ऐकायला तर्कशुद्ध वाटतो. पण घोणस आणि फुरशाचे विष स्थानिक पेशी नासवते. ते एका जागी कोंडून वर रक्तपुरवठाही तोडला की पाय सडण्याचा धोका वाढतो. मग दवाखान्याच्या दारात कोणी ती दोरी झटकन सोडली की अडलेले विष एकदम अंगात शिरते. म्हणून आधीच कोणी बांधले असेल तर वाटेत घाईने सोडू नये, ते डॉक्टरांसमोर सोडवावे. चिरणे, चोखणे, बर्फ लावणे यांतून काही साधत नाही. जखम तेवढी वाढते. करायचे ते फार थोडे आहे. धीर द्यायचा, अंगठ्या, पैंजण, घड्याळ काढून ठेवायचे, मोडलेल्या हाडाला बांधतो तशी फळी सैलसर बांधून तो अवयव स्थिर ठेवायचा, माणसाला चालवायचे नाही, आणि जिथे प्रतिविष आहे अशा दवाखान्यात थेट न्यायचे. मण्यारीबद्दल एक गोष्ट घराघरात माहीत असायला हवी. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दंश बहुधा दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, मग श्वास मंदावतो. अशा रुग्णाचा श्वास वाटेत थांबला तर तोंडाने श्वास देत राहण्याने तो दवाखान्यापर्यंत जिवंत पोहोचू शकतो, कारण त्याचे हृदय चालू असते; लुळे पडलेले असतात ते श्वासाचे स्नायू. विंचूदंशाच्या बाबतीत महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे साधे, स्वस्त औषध वापरून कोकणातले मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आणले. ग्रामीण विषबाधेचे प्रश्न सुटणारे असतात, फक्त रुग्ण वेळेत पोहोचावा लागतो, हे त्यातून सिद्ध झाले आहे.

आता तीच आवळलेली पट्टी दुसऱ्या ठिकाणी पाहा. ट्रकखाली पाय चिरडला आहे, रक्ताची चिळकांडी उडते आहे, आणि जमलेले लोक त्यावर हळद दाबत आहेत किंवा रुमाल गुंडाळून वाट पाहत आहेत. इथे मात्र करकचून बांधणेच जीव वाचवते. ‘टूर्निके (करकचून आवळायची पट्टी) वापरू नका, अवयव जाईल’ हा इशारा प्रथमोपचाराच्या पुस्तकांत वर्षानुवर्षे छापला जात होता. इराक युद्धात बगदादच्या अमेरिकी लष्करी रुग्णालयातील नोंदींनी तो मोडीत काढला: रक्तस्रावाने शॉक येण्यापूर्वी पट्टी आवळलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचले, शॉक आल्यानंतर आवळलेल्यांपैकी जेमतेम १० टक्के. नियम असा की आधी जखमेवर थेट, सगळा भार टाकून, मधे उचलून न पाहता दाब द्यायचा. हातापायातून रक्त तरीही थांबत नसेल तर जखमेच्या चार बोटे वर, सांधा टाळून, रुंद पट्टी बांधायची, काठीने पीळ देत रक्त थांबेपर्यंत आवळायची आणि वेळ लिहून ठेवायची. दर पंधरा मिनिटांनी ती सैल करण्याचा जुना सल्लाही चुकीचा ठरला आहे. सायकलच्या ट्यूबची पट्टी आणि एक काठी एवढ्यावर हे होते. भारतात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, महाराष्ट्रात १५ हजारांहून अधिक. त्यातले किती केवळ रक्त थांबवून वाचले असते ते कोणी मोजलेले नाही. पण महामार्गावरच्या प्रत्येक ढाब्यावर, प्रत्येक पेट्रोल पंपावर हे ठाऊक असलेला एक तरी माणूस का नसावा, याला सबळ कारण मला सापडत नाही. एकच कृती सापाच्या दंशात पाय घालवते आणि धमनी तुटल्यावर प्राण राखते. प्रथमोपचार म्हणजे ‘हे करा, ते करू नका’ अशी पाठ करायची यादी नव्हे, असे मी म्हणतो ते यामुळे. काय चालले आहे ते कळले तरच हात योग्य जागी जातो.

श्वासाच्या बाबतीत हे आणखी ठळक होते. बुडालेल्यांना वाचवण्यासाठी पहिली संस्था ॲमस्टरडॅममध्ये १७६७ साली निघाली. तिच्या उपचारांत तोंडाने किंवा भात्याने फुफ्फुसात हवा भरणे होते, आणि गुदद्वारातून तंबाखूचा धूर भरणेही होते. चुकीचे ज्ञान शिकलेल्यांच्या जगातही किती काळ बरोबरच्या शेजारी नांदते, याचे हे उदाहरण. आपल्या नद्यांच्या डोहांवर, शेततळ्यांवर आणि कोकण-गोव्याच्या किनाऱ्यांवर आजही बुडालेल्याला बाहेर काढले की पहिला हात पोटावर जातो. पण पोटातले पाणी मारत नाही. पोट दाबल्याने ते घशात येते आणि तिथून श्वासमार्गात जाते. बुडालेला मरतो प्राणवायूवाचून, म्हणून श्वास बंद असेल तर हनुवटी वर करून आधी पाच श्वास द्यायचे आणि मग छाती दाबायला घ्यायची. घास अडकण्याबाबत आपली रीत अर्धी बरोबर आहे. ठसका लागला की ‘कोणीतरी आठवण काढली’ म्हणत आपण टाळूवर थोपटतो. त्याने बिघडत काही नाही, कारण ठसका म्हणजे हवा अजून जाते आहे. त्याला खोकू द्यावे. भीती आहे ती आवाज बंद होण्याची. माणूस गळा धरतो, बोलता येत नाही, ओठ निळे पडतात. मग पाठीवरची थाप हवी, पण पुढे वाकवून, खांद्यांच्या पात्यांमध्ये, तळहाताच्या टाचेने जोरदार पाच वेळा. आणि तेवढ्याने भागले नाही तर मागून कवेत धरून बेंबीच्या वर आत-वर झटके, हेन्री हाइमलिच यांनी १९७४ मध्ये मांडलेले. तान्ह्या बाळाचे पोट मात्र दाबायचे नसते. त्याला मांडीवर पालथे धरून पाठीवर थापा आणि मग उताणे करून छातीवर दोन बोटांनी दाब. फीट आलेल्याच्या तोंडात काहीही घालू नये, त्याला दाबून धरू नये; डोक्याखाली मऊ काही ठेवावे, थांबल्यावर कुशीवर वळवावे, आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना गाठावा. कुशीवर वळवणे ही श्वास चालू असलेल्या कोणत्याही बेशुद्ध माणसासाठीची सर्वांत साधी कृती, आणि आपल्याकडे सर्वांत कमी माहीत असलेली. उताण्या बेशुद्धाची जीभ मागे पडते, उलटी घशात साचते. त्याच्या तोंडात पाणी ओतणे हा तर उपकाराच्या भावनेने केलेला घात आहे.

हृदय थांबण्याची गोष्ट शहरी वाचकाला अधिक ओळखीची आहे. छाती बाहेरून दाबून रक्त फिरवता येते हे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधील कौवेनहोव्हन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी १९६० मध्ये मांडले. सुरुवात झाली ती कुत्र्यांवरच्या प्रयोगात विजेच्या झटक्याचे जड पॅडल छातीवर दाबताना रक्तदाब वर जातो, या निरीक्षणापासून. त्यांच्या निबंधाचा मथितार्थ असा की यासाठी दोन हात पुरतात. पुरावा भक्कम आहे. स्वीडनमध्ये १९९० ते २०११ या काळातील ३०,३८१ घटनांच्या अभ्यासात, रुग्णवाहिका येण्यापूर्वी कोणी छाती दाबली होती त्यांच्यातले १०.५ टक्के महिनाभरानंतर जिवंत होते, दाबली नव्हती त्यांच्यातले ४ टक्के. डेन्मार्कने २००५ मध्ये याचे प्रशिक्षण शाळेत सक्तीचे केले, पुढच्याच वर्षी वाहन परवान्यासाठीही. २००१ ते २०१० दरम्यान तिथे बघ्यांनी छाती दाबण्याचे (सीपीआर देण्याचे) प्रमाण २१ वरून जवळजवळ ४५ टक्क्यांवर गेले आणि महिनाभर तगणाऱ्यांचे साडेतीनवरून जवळपास ११ टक्क्यांवर. त्याच काळात तिथली रुग्णसेवाही सुधारली, म्हणून सगळे श्रेय प्रशिक्षणाला देता येणार नाही. पण दिशा निःसंशय आहे. आपल्याकडे भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये सामान्य माणसासाठी केवळ छाती दाबण्याची पद्धत सांगितली: हाक मारून, खांदे हलवून प्रतिसाद नाही, श्वास नीट नाही, की १०८ला कळवायचे आणि छातीच्या मध्यभागी, हात कोपरात न वाकवता, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायचे. अडखळण्याची जागा एकच आहे: आचके. हृदय थांबलेला माणूस बऱ्याचदा काही काळ आचके देतो आणि लोक म्हणतात, श्वास आहे. आचका म्हणजे श्वास नव्हे.

हृदयविकाराचा झटका आणि हृदय थांबणे एक नव्हे. झटक्यात माणूस शुद्धीवर असतो, घामाघूम होतो, छाती भरून येते आणि तो स्वतःच म्हणतो, गॅस झालाय. इथे ओव्याचे पाणी पिऊन रात्र काढणे महागात पडते. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १७ हजार रुग्णांच्या चाचणीत ॲस्पिरिनने मृत्यू २३ टक्क्यांनी घटले होते. म्हणून ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर ती चावून खावी, बसून राहावे, जिना चढू नये. व्हॉट्सॲपवर फिरणारा ‘जोरजोरात खोका’ हा सल्ला निराधार आहे, आणि रक्तदाब आधीच पडलेल्याच्या जिभेखाली रक्तवाहिन्या रुंदावणारी सॉर्बिट्रेटची गोळी ठेवणे घातक ठरू शकते. अर्धांगवायूत उलट ॲस्पिरिनही देऊ नये, कारण मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव हे स्कॅनशिवाय कळत नाही. चेहरा वाकडा, एक हात लुळा, बोलणे अडखळते, की वेळ लिहून स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठायचे. गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. सुईने बोटे टोचून रक्त काढण्याच्या ऐकीव उपायात ते तास जातात.

विदर्भातल्या उन्हात भ्रमिष्ट होऊन कोसळलेल्याला आधी थंड करायचे, मग हलवायचे. कपडे काढून, अंगभर पाणी ओतून, वारा घालून. पॅरासिटामॉल इथे काम करत नाही. यवतमाळमध्ये २०१७ च्या फवारणी हंगामात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर कीटकनाशकाच्या विषबाधेने गेले. तिथेही पहिली गोष्ट भिजलेले कपडे उतरवून साबणाने अंग धुणे हीच आहे. विष किंवा रॉकेल प्यायलेल्याला मिठाचे पाणी पाजून उलटी काढणे थांबले पाहिजे, कारण ते फुफ्फुसात उतरते. भाजलेल्यावर वीस मिनिटे नळाचे वाहते पाणी. बर्फ, तूप, शाई नको. विजेचा धक्का बसलेल्याला हात लावण्याआधी मुख्य बटण बंद करावे. आभाळातली वीज पडलेल्याच्या अंगात मात्र वीज राहत नाही. त्याला लगेच स्पर्श करता येतो, शेणामातीत पुरायचे काही कारण नाही.

या सगळ्यावर आक्षेप आहेत, आणि ते हलके नाहीत. पहिला: अर्धे ज्ञान घातक. फासळी मोडली तर? हृदय थांबलेल्या माणसाची मोडलेली फासळी पुढे जुळते. तो तसाच राहिला तर जुळवायला काही उरत नाही. आणि ज्याचे हृदय थांबलेले नव्हते त्याची छाती चुकून दाबली गेली तर? सिएटलच्या परिसरातील २०१० च्या अभ्यासात अशांपैकी साधारण दोन टक्क्यांनाच हाड मोडण्याची इजा झाली होती. शिवाय अर्ध्या ज्ञानाची तुलना पूर्ण ज्ञानाशी नव्हे, आज जे चालले आहे त्याच्याशी व्हायला हवी. दुसरा आक्षेप पोलिसांच्या ससेमिऱ्याचा. ही भीती एके काळी रास्त होती. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात जखमीवर आधी उपचार, कागदपत्रे नंतर असे बजावले. ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची नियमावली बंधनकारक केली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. कायदा झाला, तो चौकापर्यंत पोहोचला नाही, एवढाच प्रश्न आता उरला आहे. तिसरा आक्षेप कोणी मोठ्याने बोलत नाही: परस्त्रीच्या छातीवर हात ठेवायचा कसा? संकोच खरा आहे आणि तो उपदेशाने जाणार नाही. हात कपड्यांवरूनच, मधल्या हाडावर ठेवायचा असतो हे दाखवून द्यावे. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे बचत गटांतल्या, अंगणवाडीतल्या बायका आणि आशाताई यांना हे आधी शिकवावे.

चौथा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. हृदय पुन्हा सुरू करणारे यंत्र नाही, अतिदक्षता विभाग शंभर किलोमीटरवर, मग दुर्गम पाड्यावर छाती दाबून मिळवायचे काय? प्रामाणिक उत्तर असे की प्रौढाच्या हृदयविकाराच्या बाबतीत फारसे नाही. पण यातून प्रथमोपचार निरुपयोगी ठरत नाही, आपला अभ्यासक्रम उसना आहे हे दिसते. पाश्चात्त्य वर्गांत हृदय केंद्रस्थानी असते, कारण तिथे यंत्रे भिंतीवर टांगलेली असतात. गडचिरोली, नंदुरबार किंवा सिंधुदुर्गातल्या शाळेत क्रम वेगळा हवा: साप, बुडणे, रक्तस्राव, फवारणी, ऊन, वीज, घास अडकणे. यांतल्या पहिल्या मिनिटांना यंत्र लागत नाही. पुण्या-मुंबईच्या सोसायटीत, लोकल स्थानकावर, जिममध्ये मात्र हृदय पहिले. आणि जिथे म्हणून शिकवायचे तिथे ते भाषणाने शिकवू नये. फलक वाचून कोणाला सायकल येत नाही तसे हेही येत नाही. पुतळा नसेल तर घट्ट बांधलेल्या धान्याच्या पोत्यावर दाबून पाहावे, शेजाऱ्याला कुशीवर वळवून पाहावे, वर्षाने पुन्हा करून पाहावे. पोत्यावर दाबताना एक गोष्ट लगेच कळते, जी कोणत्याही भाषणातून कळत नाही: दोन मिनिटांत दंड भरून येतात आणि दाब उथळ होऊ लागतो. म्हणून दाबणारा दर दोन मिनिटांनी बदलायचा असतो. त्यासाठी तिथे शिकलेला दुसराही कोणी हवा.